पाच आठवडे, साडेचार मीटर कापड: एक कॅज्युअल सूट शिवून घेताना

नवा सूट शिवायचं ठरलं तेव्हा कापडासाठी पुण्यातला लक्ष्मी रोड गाठण्याआधी मी मागच्या बारा महिन्यांचं कॅलेंडर उघडलं. जीन्स आणि टीशर्टवर भागलं नाही असे सगळे प्रसंग एका कागदावर उतरवले. चौदा निघाले. सहा लग्नं, त्यातली चार फेब्रुवारी ते मे या काळातली, मुहूर्त सकाळचा किंवा भर दुपारचा. संध्याकाळची दोन रिसेप्शन्स. एक साखरपुडा. हिंजवडीत परदेशी ग्राहकांबरोबरच्या तीन बैठका. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाची एक संध्याकाळ. आणि लष्करातल्या एका अधिकाऱ्याकडचं जेवण, ज्याच्या निमंत्रणावर ‘लाउंज सूट’, म्हणजे टाय लावलेला सूट, असं छापलेलंच होतं.

प्रत्येक प्रसंगापुढे तीन रकाने केले: वेळ कोणती, जागा कशी (एसी हॉल की डीपी रोडवरचं उघडं लॉन), आणि यजमान स्वतः काय घालणार. यातला तिसरा रकाना बहुतेक जण विचारात घेत नाहीत आणि चूक तिथेच होते. पाहुण्याचा पोशाख यजमानाच्या बरोबरीचा किंवा एक पायरी खालचा हवा. नवरदेव शेरवानीत आणि वडील झब्ब्यात असताना पाहुणा गडद सूट, टाय, खिशात रेशमी रुमाल अशा थाटात आला, तर तो ऑफिसमधून थेट आल्यासारखा दिसतो. दोन पायऱ्या खाली उतरून चुरगळलेल्या शर्टात आला, तर यजमानांनी केलेल्या तयारीची त्याला किंमत नाही असा अर्थ निघतो.

रकाने भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. कपाटातला गडद करड्या रंगाचा गुळगुळीत लोकरी सूट चौदापैकी फक्त तीन ठिकाणी बरोबर बसत होता: दोन रिसेप्शन्स आणि ते जेवण. उरलेल्या अकरा जागा मधल्या पायरीवरच्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक दिवसाउजेडी, उन्हात. त्या पायरीवर पुण्यात सूट हे एकच उत्तर नाही, हेही सांगायला हवं. सकाळच्या मुहूर्ताला झब्बा आणि त्यावर नेहरू जॅकेट उत्तम दिसतं आणि फॉर्मलपणात ते कॅज्युअल सूटच्या अगदी बरोबरीचं आहे. बंदगळा त्याहून वरचा, टाय लावलेल्या सूटच्या रांगेतला. पण ग्राहकांबरोबरच्या बैठकीला झब्बा चालत नाही, आणि लग्न, बैठक, मैफल या तिन्हींना पुरेल असा एकच कपडा हवा असेल तर कॅज्युअल सूटशिवाय पर्याय उरत नाही.

इथे बरेच जण सोपा मार्ग धरतात: आहे तोच ऑफिसचा सूट घालायचा, टाय काढायचा, वरचं बटण सोडायचं. हे जमत नाही, आणि का जमत नाही ते समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. त्या सुटाचा प्रत्येक भाग टाय गृहीत धरून बनलेला असतो. चकचकीत गुळगुळीत कापड, कडक छाती, पॅडचा खांदा, कापून आत घेतलेले खिसे, या सगळ्यांची टोकं गळ्यापाशी येऊन टायवर संपतात. टाय काढला की तिथे फक्त रिकामी जागा राहते. कॅज्युअल सूट कापड कापायच्या आधीपासून कॅज्युअल असावा लागतो. गंमत अशी की आज निमंत्रणावर भारदस्त वाटणारा ‘लाउंज सूट’ हा शब्दही कधीकाळी निवांत बसण्या-उठण्याच्या कपड्यांचा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फॉर्मल म्हणजे गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोट. आखूड जॅकेटचा हा सूट घरात आणि गावाकडे घालायचा. म्हणजे पायऱ्या सरकत असतात. फक्त एकाच वेळी अंगावरचे सगळे कपडे एकमेकांपासून एक-दोन पायऱ्यांच्या आत असावेत, एवढं टिकून आहे.

सुटाची पायरी ठरवणाऱ्या गोष्टी मी महत्त्वाच्या क्रमाने धरल्या: कापडाचा पोत, रंग, खांदा आणि आतली बांधणी, मग खिसे, बटणं, पँटचा खालचा काठ. पोत सगळ्यात वर का? कारण वीस फुटांवरून शिलाई दिसत नाही, पण कापडावर उजेड कसा पडतो ते दिसतं. गुळगुळीत कापड उजेड परत फेकतं आणि फॉर्मल वाटतं. खरबरीत कापड उजेड विखुरतं आणि निवांत वाटतं. रंगाचंही तसंच. गडद निळा आणि कोळशासारखा करडा वर. मध्यम निळा त्याखाली. तपकिरी, ऑलिव्ह, वाळूचा रंग अजून खाली.

कापडासाठी दोन दिवस दिले. एक लक्ष्मी रोडला, एक रविवार पेठेत कापडगंजाकडे. हातात घेऊन पाहिलेले पर्याय पाच.

पहिलं पॉली-व्हिस्कोज, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजचं मिश्रण. दुकानदार सगळ्यात आधी हेच पुढे करतात, कारण घडी मोडत नाही आणि स्वस्त पडतं. पण त्यातून हवा फारशी जात नाही, आणि वर्षभरात कोपर आणि सीटवर चमक येते, ती परत जात नाही. कॅज्युअल सुटात चमक म्हणजे सगळंच फसलं. लेबलवर ‘लिनन लुक’ किंवा ‘लिनन फील’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा हेच असतं. शंका आली की ताग्याच्या कडेचे चार-पाच धागे मागून घ्यावेत आणि बाहेर जाऊन काडी लावावी. सूत आणि लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि टोकाचा काळा गोळा बोटांनी चुरतो. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. चांगला दुकानदार या परीक्षेला नाही म्हणत नाही.

दुसरं कॉटन ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं सुती कापड, साधारण २५० ते २८० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम वजन). आकार चांगला धरतं, शिवायला सोपं. अडचण एकच: गडद रंग कडांवर आणि खिशांच्या तोंडांवर लवकर विटतो. ते रूप आवडणाऱ्यांनी खुशाल घ्यावं, पण मग तो सूट ग्राहकांच्या बैठकीला फार वर्षं चालत नाही.

तिसरं लोकरीचं हॉपसॅक, म्हणजे चटईसारखी विण असलेलं २३० ते २६० जीएसएमचं कापड. लोकर म्हटलं की पुण्यात लोक दचकतात, पण उघड्या विणीची हलकी लोकर एप्रिलमध्येही पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी थंड असते, आणि रात्रभर टांगली की सुरकुत्या आपोआप जातात. ज्याचे बहुतेक प्रसंग बैठकांचे आणि संध्याकाळचे आहेत त्याने डोळे झाकून गडद निळं हॉपसॅक घ्यावं. इथे एक सूचना: काउंटरवर ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ असे आकडे मोठ्या अभिमानाने दाखवले जातात. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो, कापड किती चांगलं ते नाही. सुपर १०० ची लोकर जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनची, सुपर १२० ची १७.७५ ची. आकडा चढतो तसं कापड मऊ, चमकदार आणि नाजूक होत जातं. कॅज्युअल सुटाला या तिन्ही गोष्टी नको असतात. सुपर १०० च्या आसपास थांबावं.

चौथं सीअरसकर, उभ्या पट्ट्यांमध्ये एक पट्टा सपाट आणि एक चुणीदार. नाव फारसीतल्या ‘शीर-ओ-शकर’वरून आलेलं, दूध आणि साखर, शीरखुर्म्यातला शीर तोच. चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, पुण्याच्या मे महिन्याला याहून योग्य विण नसेल. पण सुटाच्या वजनात मला ते कुठल्याच काउंटरवर मिळालं नाही, शर्टाच्या वजनातच होतं, आणि त्याचं जॅकेट पिशवीसारखं लोंबतं.

पाचवं लिनन, आणि ठरलं तेच. जवसाची चटणी ज्या झाडाच्या बियांची, त्याच झाडाच्या खोडातला हा धागा. धाग्यासाठीची वाणं उंच वाढणारी असतात एवढाच फरक. घाम पटकन ओढतो आणि तितक्याच लवकर सोडतो. लिनन घेताना चूक होते ती वजनात. शर्टाचं लिनन १२० ते १७० जीएसएमचं असतं, आणि हलकं म्हणजे थंड या समजुतीने लोक त्याचंच जॅकेट शिवून मोकळे होतात. त्यावर तासाभरात कागद चुरगाळल्यासारख्या बारीक सुरकुत्या पडतात. सुटासाठी २४० ते ३०० जीएसएम लागतं. त्यावरही सुरकुत्या पडतातच, पण रुंद आणि मऊ, आणि त्या शोभतात. मी २८० घेतलं. मुठीत धरून दहा सेकंद घट्ट आवळायचं आणि सोडायचं: मोजक्या ठळक घड्या राहिल्या तर बरोबर, जाळं उमटलं तर हलकं.

रंगासाठी तागा दुकानाच्या दाराबाहेर नेऊन पाहिला. ट्यूबलाइटखाली ऑलिव्ह वाटणारं एक कापड उन्हात सरळ हिरवं निघालं. वाळूचा रंग बाद केला तो पुण्याच्या धुळीमुळे. दुचाकीवर दोन सिग्नल ओलांडले की कफ काळे होतात. निवडला तो तंबाखूसारखा गडद तपकिरी. त्याबरोबर पांढरा, फिका निळा, फिका गुलाबी असे तिन्ही शर्ट जातात. जॅकेट वेगळं काढून जीन्सवर घालता येतं, पँट वेगळी काढून नुसत्या शर्टाखाली. हा फायदा पोताच्या कापडालाच मिळतो. गुळगुळीत लोकरी सुटाचं जॅकेट जीन्सवर घातलं की त्याची पँट हरवली आहे असंच दिसतं.

५८ इंच पन्ह्यात एका सुटाला ३.२५ मीटर लागतं. दुसऱ्या पँटसाठी १.२५ मीटर जास्त घेऊन साडेचार मीटर कापलं. दुसरी पँट ही चैन नव्हे. पँट जॅकेटच्या कितीतरी आधी झिजते, आणि वर्षभराने त्याच ताग्याचा रंग मिळत नाही. कापड चौकड्यांचं असतं तर चौकडी जुळवण्यासाठी आणखी २५-३० सेंटीमीटर लागलं असतं.

मग पाणी. हे काम टेलर करतो म्हणतात, पण ते स्वतः केलेलं बरं. लिनन पहिल्या पाण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. चाळीस इंची पँट पाच टक्के आटली तर दोन इंच वर जाते. सगळं कापड मोठ्या टबात सैल घडीने रात्रभर बुडवलं, सकाळी न पिळता सावलीत लांब पसरून वाळवलं, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करून घेतलं. फूटपट्टीने मोजलं तर साडेचार मीटरचं ४.३६ मीटर झालं होतं, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं जास्त. हा फरक शिवल्यानंतर पडला असता तर बाही आणि पँट दोन्ही गेल्या असत्या. लोकरीला मात्र असं बुडवायचं नाही. तिला फक्त वाफ.

टेलर निवडताना कॅम्पातल्या जुन्या दुकानांपैकी असा शोधला, जो कच्ची ट्रायल देतो, म्हणजे पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून उभं केलेलं जॅकेट अंगावर घालून बघू देतो. ‘ट्रायलची गरज नाही, माप बरोबर बसतं’ असं जिथे सांगितलं गेलं तिथून उठलो. लग्नसराईत पाच आठवड्यांच्या आत सूट मागू नये. घाईत सगळ्यात आधी हातशिलाईला कात्री लागते.

कटिंग मास्टरचा हात आयुष्यभर फॉर्मल सूट कापून तयार झालेला असतो, त्यामुळे तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि हात सवयीवर जातो. म्हणून सात गोष्टी मराठीत कागदावर लिहून तो कागद ऑर्डरच्या पावतीला टाचला.

खांद्याला पॅड नको. आधार म्हणून बाही खांद्याला जुळते तिथे कापसाचा अगदी पातळ थर चालेल.

पुढच्या भागाला फ्युजिंग नको. फ्युजिंग म्हणजे इस्त्रीने चिकटवलेला आतला थर. पुण्याच्या पावसाळी हवेत आणि ड्रायक्लीनिंगच्या फेऱ्यांत तो सुटू लागला की पुढ्यावर फुगे दिसतात आणि ते कधीच बसत नाहीत. छातीपुरता हलका कॅनव्हास, म्हणजे आकार धरणारं आतलं कापड, तोही टाक्यांनी धरलेला.

अस्तर अर्धं: बाह्या आणि पाठीचा वरचा भाग. बाहीत अस्तर लागतंच, नाहीतर शर्टावरून जॅकेट सरकत नाही. अर्ध्या अस्तराने शिलाई कमी होईल ही अपेक्षा चुकीची आहे. अस्तर नसलं की आतली प्रत्येक शिवण उघडी पडते आणि तिला पट्टीने बांधून घ्यावं लागतं, म्हणजे काम वाढतं. अस्तराचं कापड कुप्रो (रेशमासारखं मऊ, पण हवा जाऊ देणारं) किंवा व्हिस्कोज. पॉलिएस्टरचं चमकदार अस्तर लावलं तर लिनन घेतल्याचा अर्धा फायदा गेला.

खालचे दोन्ही खिसे वरून लावलेले, म्हणजे पॅच पॉकेट, खालचे कोपरे गोल. सुटाची पायरी उतरवणारी ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात ठळक खूण. खिशाच्या तोंडाला आतून सुती पट्टी शिवायला सांगितली, कारण मोबाइल ठेवून ठेवून लिनन सैल पडतं आणि तोंड वासतं.

मागे दोन्ही बाजूंना साइड कट, आठ ते नऊ इंचांचे. दुचाकीवर किंवा खुर्चीत बसताना मधल्या एका कटाचं कापड दुभंगून वर चढतं, साइड कटचं पडून राहतं.

बटणं दोन, चकचकीत प्लास्टिकची नकोत. करवंटीची किंवा शिंगासारखी दिसणारी मॅट, कापडाहून एक छटा गडद. बाहीची काजं ट्रायल पक्की होईपर्यंत कापायची नाहीत, कारण एकदा काज पडलं की बाहीची लांबी खालून बदलता येत नाही. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची काजं नकोत.

सातवी गोष्ट मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडली जाते तो गोल. हा उंच हवा, काखेजवळ. मोठा, खोल मुंढा म्हणजे आराम अशी समजूत आहे आणि ती उलटी आहे. मुंढा खाली गेला की बाही जॅकेटच्या अंगाला खालपर्यंत जोडली जाते, आणि हात उचलला की सगळं जॅकेट बरोबर वर येतं. हे कापायच्या आधी सांगावं लागतं. कापड गेल्यावर मुंढा वर आणायला कापडच उरत नाही.

माप देताना जो शर्ट आणि जे बूट सुटाबरोबर घालायचे तेच घालून गेलो. पँटच्या मापात एक गोष्ट आग्रहाने मागितली: मांडीला अंगापेक्षा दोन इंच जास्त मोकळीक, बेंबीच्या थोडं खाली बसणारी उंच कंबर आणि पुढे एकेक प्लेट. सवाईत भारतीय बैठकीवर बसायचं असेल, किंवा लग्नात विधी चालू असताना खाली बसावं लागलं, तर मांडी घालता आली पाहिजे. लिननला लवचिकपणा नसतो. खाली बसताना घट्ट लिनन फाटतं ते शिवणीत नाही, शिवणीच्या शेजारी, आणि तिथलं रफू लपत नाही. खालचा घेर १५.५ इंच ठेवला आणि काठ बाहेर दुमडून दीड इंचाची पट्टी. ही दुमड पँटला वजन देते, त्यामुळे लिनन सरळ पडतं, आणि पायरीही एक उतरते.

पहिली ट्रायल बाराव्या दिवशी. कागदावर लिहूनही खांद्यात पॅड होतं. खांदा रुंद आहे की नाही हे पाहायची खात्रीची परीक्षा म्हणजे भिंतीला कडेने टेकून उभं राहणं: दंडाच्या आधी पॅडची कड भिंतीला लागली तर रुंद. इथे लागली. पॅड नुसतं ओढून काढलं की काम झालं असं नसतं. खांद्याचा उतार पॅडची जाडी धरून कापलेला असतो. ती जाडी गेली की तेवढं कापड सैल पडतं आणि बाहीच्या वर खळगा दिसतो. म्हणून खांद्याची शिवण उसवून बाहीकडच्या टोकाला पाव इंचाहून थोडं जास्त कापड आत घ्यावं लागलं आणि बाह्या नव्याने बसवाव्या लागल्या. मुंढाही हवा तेवढा उंच नव्हता. पण खांद्याचं टोक वर उचललं की मुंढाही तेवढा वर येतो, त्यामुळे एका दुरुस्तीत दोन्ही साधलं.

ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे, मग नमस्कार, मग खुर्चीत बसून उठणं, आणि नंतर हात सैल सोडून बघणं. कॉलर या सगळ्यात मानेपासून सुटता कामा नये. जॅकेटच्या आणि शर्टाच्या कॉलरमध्ये फट दिसली तर ते पहिल्यांदा दुरुस्त करून घ्यायचं, कारण पाठीमागच्या माणसाला तेवढंच दिसतं. कॉलरखाली आडवी वळी पडत असेल तर खांदे चौकोनी आहेत आणि कॉलर थोडी खाली बसवायला हवी. मानेपासून काखेकडे तिरप्या रेषा दिसत असतील तर खांदे उतरते आहेत. वरचं बटण लावल्यावर त्याभोवती फुलीसारख्या रेषा म्हणजे कंबर घट्ट. खालचं बटण कधीच लावायचं नाही, जॅकेटचा कट तसाच असतो. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि खाली शर्टाचा पाव ते अर्धा इंच कफ दिसावा. लांबी सीट झाकेल एवढी; कॅज्युअल जॅकेट अर्धा इंच आखूड चालतं, त्याहून आखूड केलं की पाय लांब दिसण्याऐवजी जॅकेट धुताना आटल्यासारखं दिसतं.

दुसरी ट्रायल चौथ्या आठवड्यात, त्यात फक्त डाव्या बाहीची लांबी आणि पँटची दुमड राहिली. बहुतेकांचा एक हात किंचित लांब असतो, दोन्ही बाह्या वेगळ्या मोजून घ्याव्यात.

सूट हातात आल्यावर त्याची पायरी वर-खाली करणं शर्ट आणि बुटांवर राहतं. शर्टांमध्ये पांढरं पॉपलिन सगळ्यात वर, मग फिकं निळं, मग टोकांना बटणं असलेल्या कॉलरचा ऑक्सफर्ड (जाडसर विणीचा शर्ट), मग लिनन, त्याखाली डेनिम, त्याखाली टीशर्ट. बुटांमध्ये काळा ऑक्सफर्ड (लेसच्या पट्ट्या खालून बंद शिवलेला बूट) वर, मग गडद तपकिरी डर्बी (लेसच्या पट्ट्या मोकळ्या), मग बिनलेसचा लोफर, मग स्वेड (मऊ, खरबरीत चामड्याचा), मग साधे पांढरे चामड्याचे स्नीकर. तपकिरी लिननवर काळा ऑक्सफर्ड घातला तर तीन पायऱ्यांचं अंतर पडतं आणि बूट उसने आणल्यासारखे वाटतात. कोल्हापुरी झब्ब्याखाली जितकी सुंदर, तितकी लॅपल (छातीवर दुमडलेली कॉलर) असलेल्या जॅकेटखाली परकी. इथे मी ती घालणार नाही.

ग्राहकांच्या बैठकीला फिका निळा ऑक्सफर्ड शर्ट, गडद निळा विणलेला टाय आणि सुटाहून दोन छटा गडद डर्बी. विणलेल्या टायचं टोक चौकोनी असतं आणि पोत खरबरीत, म्हणून तो लिननशी बोलतो. रेशमी चमकदार टाय इथे चालत नाही. सकाळच्या मुहूर्ताला टायशिवाय पांढरा लिनन शर्ट आणि लोफर. मांडवात बूट काढावे लागतात, तेव्हा वाकून लेस सोडण्यापेक्षा लोफर सोयीचे, आणि मोजे पोटरीपर्यंतचे, न विरलेले. सवाईला नुसतं जॅकेट, खाली गडद जीन्स, आत पातळ स्वेटर. रात्री गारठा वाढतो आणि लिनन एकटं पुरत नाही. टाय नसेल तेव्हा शर्टाची कॉलर स्वतःच्या बळावर उभी राहिली पाहिजे. मऊ कॉलर लॅपलखाली जाऊन झोपते, म्हणून बटणाची कॉलर किंवा आत पातळ अस्तर असलेली.

दुचाकीवर शक्यतो जॅकेट घालून जाऊ नये. पॅड नसण्याचा इथे उपयोग होतो: एक खांदा उलटा करायचा, दुसरा खांदा त्यात बसवायचा, जॅकेट उभं दुमडायचं म्हणजे अस्तर बाहेर राहतं, आणि सैल गुंडाळी करून सॅकमध्ये सगळ्यात वर. पोचल्यावर झटकून पाच मिनिटं टांगलं की पुरे.

ड्रायक्लीनिंगला जॅकेट आणि दोन्ही पँट नेहमी एकत्र द्यायच्या. नुसती पँट दोनदा गेली तरी रंगात फरक पडतो आणि सूट सूट राहत नाही. वर्षातून दोनदा पुरे; मधल्या काळात ब्रश आणि वाफ. इस्त्री ओल्या मलमलवरून, गडद लिननला थेट तापलेला पत्रा लागला तर तिथे चमक उमटते. हँगर खांद्याच्या टोकाशी जाड, लाकडी. लाँड्रीतून आलेलं प्लास्टिकचं कव्हर त्याच दिवशी काढायचं, विशेषतः जून ते सप्टेंबर, कारण आत दमटपणा कोंडतो आणि लिननवर बुरशीचे ठिपके येतात, जे निघत नाहीत. त्याऐवजी जुन्या सुती धोतराची पिशवी शिवून घेतली आहे. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी सूट आणि स्वेडचे बूट पंख्याखाली एक दुपार बाहेर असतात.